कुलूप ज्याचे, किल्ली त्याची
(होसकोटे येथील कारखाना कामगारांसमोरील व्याख्यानाचा मजकूर)



बंगळूरहून कोलारकडे जाणाऱ्या महामार्गावरील होसकोटे आज कारखान्यांचे गाव झाले आहे. येथील पिल्लगुंपे औद्योगिक वसाहतीत यंत्र बिघडले की दुरुस्ती करणाऱ्याचा जीव एकाच प्रश्नावर टांगलेला असतो : वीज खरोखर तुटली आहे काय, आणि काम संपेपर्यंत ती तुटलेलीच राहील काय?

बटण दाबून यंत्र थांबविणे म्हणजे वीज तोडणे नव्हे. यंत्र थांबते, पण पॅनेलमधील तारांत वीज असतेच. म्हणून प्रथम जनरेटरसह पुरवठ्याचे सर्व मार्ग शोधावेत. संबंधितांना कळवून मेन स्विच बंद करावा, त्याला कुलूप घालावे आणि काम करणाऱ्याच्या नावाची पाटी लावावी. कपॅसिटरमधील साठलेली वीज उतरवावी. मग तपासणी करावी. टेस्टर आधी चालू तारेवर, नंतर कामाच्या जागी आणि पुन्हा चालू तारेवर लावून पाहावा. कारण बिघडलेला टेस्टरही 'वीज नाही' असेच सांगतो. पाच जण काम करीत असतील तर कुलपेही पाच हवीत, आणि प्रत्येकाची किल्ली त्याच्याच खिशात हवी. नुसती पाटी पुरेशी नाही. ती कन्नडमध्ये असेल तर ओडिशाहून आलेल्या कंत्राटी कामगाराला वाचता येत नाही. कुलपाला भाषा लागत नाही.

ही मागणी नवी नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात १९७६ साली दुरुस्ती होऊन, चुकून चालू होऊ शकणारे वीज तोडण्याचे साधन सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय बंधनकारक झाली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. तिच्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येची मर्यादा १० वरून २० कामगारांवर नेण्यात आली. म्हणजे जेथे धोका मोठा आणि संघटना दुबळी, ती लहान वर्कशॉपेच 'कारखाना' या संज्ञेबाहेर राहिली!

अपघात घडताच मालकवर्ग कामगाराचा हलगर्जीपणा पुढे करतो. परंतु कुलपे कोणी पुरविली नाहीत? उत्पादन थांबू नये म्हणून चालू लाईनवर हात घालण्याची घाई कोणी केली? वीज तोडण्यास लागणारी दहा मिनिटे मालकाच्या हिशेबात नुकसान ठरतात. कामगाराच्या हिशेबात ते आयुष्य असते.

म्हणून प्रत्येक युनियनने कायम व कंत्राटी अशा सर्व कामगारांसाठी स्वतंत्र कुलूप, त्यांच्या भाषेतील प्रशिक्षण आणि वीज तोडल्याशिवाय काम नाकारण्याचा हक्क मागणीपत्रात अग्रभागी ठेवला पाहिजे. किल्ली कामगाराच्या हाती असणे ही सवलत नव्हे, तो त्याचा अधिकार आहे.