पोटातलं पाणी आणि कागदावरची सही



घरातल्या एखाद्या खालाचं पोट वाढलं, तर आपण म्हणतो चरबी. धाप लागली, तर म्हणतो वय झालं. सोनोग्राफीत पोटात पाणी आणि अंडाशयाला गाठ दिसली, की घरभर एकच शब्द फिरतो, कॅन्सर. काही घरांत तिथेच उपचार थांबतात.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. तरी आज मेग्ज सिंड्रोम या दुर्मीळ आजाराबद्दल बोलणार आहे. यात अंडाशयावर फायब्रोमा नावाची घट्ट गाठ होते. ती कॅन्सरची नसते. पण तिच्यामुळे पोटात आणि छातीत, बहुधा उजव्या बाजूला, पाणी साठतं. बोस्टनच्या डॉ. मेग्ज आणि डॉ. कॅस यांनी १९३७ साली अशा सात रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली.

छातीत पाणी म्हटल्यावर आपल्याकडे आधी टीबीची शंका येते, आणि ती तपासायलाच हवी. पण पाण्यात ना टीबी सापडला ना कॅन्सरच्या पेशी, तर अंडाशयाकडे पाहायला हवं. सीए-१२५ ही रक्ततपासणी यातही वाढलेली येऊ शकते. तेवढ्यावरून कॅन्सर ठरत नाही. सुईनं काढलेलं पाणी पुन्हा भरतं. ऑपरेशन करून गाठ काढली, की दोन्हीकडचं पाणी आटतं. गाठ साधी होती हे पक्कं कळतं ते पॅथॉलॉजीच्या अहवालातून. म्हणून ऑपरेशन टाळून चालत नाही.

आता प्रश्न सहीचा. तरुण मुलीची बहुधा नुसती गाठ किंवा त्या बाजूचं अंडाशय काढून भागतं. गर्भाशय काढायचं की ठेवायचं, हे कोण ठरवणार? शौहर, भाऊ, सासू? २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. तपासणीसाठी भूल दिलेल्या सज्ञान बाईचं गर्भाशय आणि अंडाशय, आईची संमती घेऊन काढलं होतं. जिवाला तातडीचा धोका नव्हता. न्यायालयानं ती संमती ग्राह्य धरली नाही. निर्णय त्या बाईचा होता.

लेडी डॉक्टर हवी, असं आपल्या आपा म्हणतात. त्यात गैर काही नाही. याच कोल्हापुरात, आज ज्याला आपण सीपीआर म्हणतो त्या दवाखान्यात, शंभर वर्षांपूर्वी डॉ. कृष्णाबाई केळवकर बायकांवर उपचार करत होत्या. पण लेडी डॉक्टर मिळेपर्यंत महिने घालवू नका.

घरी गेल्यावर अम्मीला, बहिणीला एवढंच विचारा: पोट फुगतंय का, धाप लागते का? हो म्हणाल्या, तर सोबत दवाखान्यात जा. डॉक्टरांना प्रश्न त्यांना विचारू द्या. सहीही त्यांनाच करू द्या.