रात्रीचा कॅमेरा घेताना : उजेड, फिल्टर आणि लेन्स



केर, मोर्ले, हेवाळे, घोटगेवाडी या बाजूच्या बागांना गेली वीस-बावीस वर्षं हत्तींचा शेजार आहे. केळी, माड, सुपारी यांचं नुकसान तर होतंच. पण 2025 च्या एप्रिलमध्ये मोर्ल्यात हत्तीच्या हल्ल्यात एका शेतकऱ्याचा जीव गेला. काजूच्या दिवसांत पहाटे बी वेचायला बहुतेक आपण बायकाच जातो. म्हणून गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न वरचेवर निघतो : "बागेत कॅमेरो लावलो तर रात्रीचो हत्ती आमका दिसतलो काय?"

दिसू शकतो. पण दुकानात 'नाइट व्हिजन' एवढा शब्द ऐकून गटाचे पैसे मोजू नयेत. उजेड, फिल्टर आणि लेन्स, या तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. आज त्यांच्याबद्दलच बोलूया.

आधी उजेड. आपल्या डोळ्यांना तांबड्या रंगापर्यंतच दिसतं. त्याच्या पलीकडच्या उजेडाला इन्फ्रारेड म्हणतात. तो आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. घरीच करून बघा. अंधारात टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. रिमोटच्या टोकाला जांभळट ठिपका लुकलुकेल. मागच्या कॅमेऱ्यातून दिसला नाही, तर सेल्फीच्या कॅमेऱ्यातून बघा. रात्रीच्या कॅमेऱ्याच्या तोंडाभोवती असेच बारीक दिवे असतात. तो न दिसणारी बॅटरी मारतो आणि परत आलेल्या उजेडात चित्र घेतो.

हे दिवे मुख्यतः दोन प्रकारचे असतात. डब्यावर 850 किंवा 940 असा आकडा असतो, त्यापुढे नॅनोमीटर लिहिलेलं असतं. 850 चा उजेड लांब पोचतो, पण अंधारात दिवे मंद तांबडे दिसतात. 940 चे दिवे दिसत नाहीत, पण कॅमेऱ्याला तो उजेड कमी जाणवतो, म्हणून पल्ला कमी पडतो. घराच्या अंगणासाठी किंवा मोकळ्या बागेसाठी 850 बरा. जिथे कॅमेरा जनावराच्या किंवा चोराच्या नजरेला पडायला नको, तिथे 940 घ्यावा.

दुसरी गोष्ट फिल्टर. चहाला गाळणी तसा उजेडाला फिल्टर. दिवसा उन्हातही भरपूर इन्फ्रारेड असतो. तो आत शिरला तर रंग बिघडतात, काळी साडी तपकिरी-जांभळट दिसते. म्हणून लेन्सच्या मागे तो अडवणारी काच असते. चांगल्या कॅमेऱ्यात ही काच तिन्हीसांजेला आपोआप बाजूला सरकते, बारीक 'टक्' आवाज येतो आणि चित्र काळं-पांढरं होतं. सकाळी काच पुन्हा जागेवर येते. दुकानात लेन्सवर हात झाकून धरा आणि हा आवाज ऐका. दुकानदाराला विचारा, 'यात आयआर कट फिल्टर आहे ना?'

हा प्रश्न आपण बायकांनी तर विचारलाच पाहिजे. दिवसा हा फिल्टर नसेल तर काही पातळ कपड्यांतून नको तेवढं दिसू शकतं. 1998 साली सोनीच्या हँडीकॅमबद्दल असाच बोभाटा झाला होता आणि कंपनीला कॅमेऱ्यात बदल करावे लागले. म्हणून कॅमेरा कुणाच्या न्हाणीकडे, पाणवठ्याकडे किंवा वाटेकडे तोंड करून लावायचा नाही, हा ठराव गटात आधीच लिहून ठेवावा.

छंद म्हणून इन्फ्रारेड फोटो काढणारे याच्या उलट करतात. ते अडवणारी काच काढून टाकतात आणि साधा उजेड रोखणारा, 720 नॅनोमीटरच्या पुढचाच उजेड सोडणारा काळपट फिल्टर लावतात. त्या फोटोत हिरवी झाडं बर्फ पडल्यासारखी पांढरी दिसतात, कारण हिरवं पान इन्फ्रारेड उजेड भरपूर परतवतं. आपल्याला यातून एक धडा मिळतो. कॅमेऱ्यासमोर हातभर अंतरावर केळीचं पान लोंबत असेल तर रात्री ते पांढरंफेक होतं आणि मागची सगळी बाग काळोखात जाते. जवळची पानं छाटूनच कॅमेरा लावावा. कोळ्याचं जाळं आणि पावसाचे थेंबही असेच चमकतात. म्हणून वर आडोसा हवा, आणि आठवड्यातून एकदा काच मऊ फडक्याने पुसावी.

तिसरी गोष्ट लेन्स. तिच्यावर मिलिमीटरचा आकडा असतो. 2.8 ची लेन्स साधारण 100 अंशांचा रुंद भाग दाखवते, पण लांबचं बारीक दिसतं. 4 ची साधारण 80 अंश आणि 6 ची 50 अंशांच्या आसपास. अंगणाला 2.8 चालेल. हत्ती ज्या वाटेने बागेत उतरतो ती वाट दाखवायची असेल तर 6 बरी. शिवाय इन्फ्रारेड उजेड लेन्समधून साध्या उजेडापेक्षा थोड्या वेगळ्या अंतरावर जुळतो. त्यामुळे दिवसा स्वच्छ दिसणारं चित्र रात्री पुसट होऊ शकतं. 'आयआर करेक्टेड' लेन्समध्ये हा दोष कमी असतो. काही लेन्समध्ये रात्री मधोमध पांढरा डाग पडतो. म्हणून रात्रीचं चित्र बघितल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. अंधार पडल्यावर एकीने दहा, वीस, तीस पावलांवर उभं राहायचं आणि दुसरीने मोबाईलवर बघायचं.

एक गैरसमज दूर करूया. हा कॅमेरा अंगातली ऊब दाखवत नाही. ते काम थर्मल कॅमेऱ्याचं. त्या उष्णतेला साधी काच अडवते, म्हणून त्याची लेन्स जर्मेनियमसारख्या महाग पदार्थाची असते आणि किंमतही तशीच. झाडाला बांधायच्या ट्रॅप कॅमेऱ्यावर पांढरं प्लास्टिकचं भिंग असतं. ते उबेची हालचाल ओळखून फोटो काढायला लावतं. पण हवा अंगाइतकी तापली की त्यालाही ओळखणं जड जातं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. दिव्याचा उजेड संपतो तिथे कॅमेऱ्याची नजर संपते. मोबाईलवर हत्ती दिसला तर बागेत जायचं नाही, हे नक्की. पण दिसला नाही म्हणजे बाग मोकळी आहे, असं नाही. तो झाडाआड असेल, उजेडाच्या पलीकडे असेल. म्हणून उजाडल्याशिवाय जायचं नाही, एकटीने जायचं नाही आणि ताजी लीद किंवा मोडलेली केळ दिसली तर तिथूनच मागे फिरायचं. हत्ती दिसला की वनविभागाला 1926 वर कळवा. कॅमेऱ्यातली तारीख-वेळ बरोबर ठेवा, नुकसानीच्या पंचनाम्याला ते फोटो दाखवता येतात.

पुढच्या बैठकीत खरेदीचा विषय येईल तेव्हा हे तीन प्रश्न वहीत लिहून न्या. उजेड कुठला? फिल्टर सरकतो काय? लेन्स किती मिलिमीटरची? उत्तरं मिळाली की मगच सही करा.