पुशरॉडची लांबी : एंजिनाच्या हिशेबातील शेवटची रक्कम



मोटारीचे जुने एंजिन उघडून पुन्हा नव्याने बांधावयाचे ठरते, तेव्हा मालकाचे लक्ष साहजिकच मोठ्या वस्तूंकडे असते. सिलिंडर किती झिजले, पिस्टन नवे घालावे लागतील काय, क्रँकशाफ्ट घासून घ्यावा लागेल काय, असे प्रश्न तो विचारतो. एक बारीक पोलादी दांडा मात्र सहसा कोणाच्याच विचारात येत नाही. एंजिन उघडताना तो धुऊनपुसून बाजूला ठेवला जातो आणि जोडणीच्या अखेरीस होता तसाच आपल्या भोकात परत सोडला जातो. हा दांडा म्हणजे पुशरॉड. त्याच्या लांबीत एखाद्या मिलिमीटरची चूक राहिली, तरी नव्याने बसविलेल्या झडपा अकाली निकामी होऊ शकतात. म्हणून ही लांबी कशी ठरवावी, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

ज्या एंजिनांत कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि झडपा वर हेडमध्ये असतात, त्यांत खालची हालचाल वर पोचविण्याचे काम पुशरॉड करतो. कॅमचा उंचवटा टॅपेटला वर लोटतो, टॅपेट पुशरॉडला लोटतो आणि पुशरॉड रॉकरचे एक टोक उचलतो. तराजूच्या दांडीप्रमाणे रॉकरचे दुसरे टोक खाली जाते व झडपेची काडी दाबून ती उघडते. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रॉकरचे टोक वर्तुळाच्या कमानीत फिरते, तर झडप सरळ रेषेत खालीवर होते. म्हणून रॉकरचे टोक झडपेच्या माथ्यावर थोडे घसरणारच. हे घसरणे कमीत कमी ठेवणे हेच योग्य जुळणीचे मर्म होय. त्यासाठी झडप निम्मी उघडलेली असताना, रॉकरच्या आसापासून त्याच्या टेकण्याच्या बिंदूपर्यंतची रेषा झडपेच्या काडीशी काटकोनात असावी लागते. मग उघडण्याच्या पहिल्या निम्म्या टप्प्यात टोक जितके एका दिशेने सरकते, तितकेच दुसऱ्या निम्म्यात परत येते. हा काटकोन चुकला की टोक एकाच दिशेने लांबवर घसरत जाते, काडीवर आडवा दाब पडतो आणि झडपेचे गाइड लंबगोल झिजते. त्या वाटेने तेल खाली उतरते व सायलेन्सरमधून धूर निघू लागतो.

अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीने १९५५ मध्ये आपले लहान आकाराचे आठ सिलिंडरांचे एंजिन बाजारात आणले. त्याच्या वंशातील एंजिनांची संख्या २०११ मध्ये दहा कोटींवर पोचली. या मूळ एंजिनातील प्रत्येक रॉकर स्वतंत्र खुंटीवर, एका गोलकाच्या आधाराने डुलतो आणि वरच्या नटाने तो खालीवर करता येतो. त्याचा पुशरॉड साधारणपणे ७.८ इंचांचा, म्हणजे सुमारे १९८ मिलिमीटरचा असतो. एंजिन पुन्हा बांधताना तेवढ्याच लांबीचा पुशरॉड घालावा, असे कोणालाही वाटेल. परंतु कारखान्याने तो आकडा ज्या मापांवरून काढला, ती मापे दुरुस्तीनंतर तशीच राहिलेली नसतात.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहू. हेडचा पृष्ठभाग सपाट करण्यासाठी अर्धा मिलिमीटर आणि ब्लॉकचा पाव मिलिमीटर तासला, असे समजा. हेड कॅमशाफ्टच्या तितके जवळ आले; पुशरॉड पाऊण मिलिमीटर आखूड हवा. झडपेचे आसन पुन्हा कापल्याने झडप हेडमध्ये आत रुतली आणि तिचा माथा ०.४ मिलिमीटर वर आला. कोन पूर्ववत राखावयाचा तर रॉकरही तितकाच वर गेला पाहिजे. म्हणून पुशरॉड ०.४ मिलिमीटर लांब हवा. जुना कॅमशाफ्ट घासून नवा आकार देताना उंचवट्याखालच्या मूळ वर्तुळाची त्रिज्या एक मिलिमीटरने घटली. टॅपेट तितका खाली बसला. पुशरॉड एक मिलिमीटर लांब हवा. गॅस्केट ०.३ मिलिमीटर जाड मिळाले. तेवढी लांबी आणखी वाढली. बेरीज-वजाबाकी केल्यावर पुशरॉड ०.९५ मिलिमीटर लांब हवा असे निघते. पुशरॉडची लांबी म्हणजे हिशेबाच्या शेवटी उरणारी रक्कम होय. आधीच्या नोंदी पुऱ्या झाल्याखेरीज ती सांगता येत नाही.

येथेच अनेक कुशल कारागीरही फसतात. शेव्हरोलेच्या खुंटीवरील नट फिरवून रॉकर हवा तितका खालीवर करता येत असल्यामुळे, चुकीच्या लांबीचा पुशरॉडही सहज सामावून जातो. मोकळीक मोजावी तर ती पुस्तकात दिल्याप्रमाणे भरते, एंजिन सुरू होते, आवाजही गोड येतो. परंतु मोकळीक बरोबर आली म्हणजे लांबी बरोबर आली, असे नव्हे. मोकळीक ही दोन भागांमधील फट आहे. लांबी ठरविते तो रॉकरचा कोन आहे. पहिली नटाने साधता येते, दुसरा साधता येत नाही. ही चूक ताबडतोब दिसत नाही. ती कित्येक महिन्यांनी झिजलेल्या गाइडच्या रूपाने प्रकट होते, आणि तेव्हा दोष गाइडला दिला जातो.

यावर उपाय एकच, तो म्हणजे प्रत्यक्ष मोजणी. त्यासाठी दोन भाग आट्यांनी जोडलेला, लांबी कमीजास्त करता येणारा पुशरॉड मिळतो. जे हेड, जे गॅस्केट, जो कॅमशाफ्ट आणि ज्या झडपा अखेर वापरावयाच्या, त्याच लावून हेड नेमून दिलेल्या ताणाने आवळावे. झडपेवर नेहमीच्या जोरदार स्प्रिंगऐवजी हलकी स्प्रिंग बसवावी. झडपेच्या माथ्याला शाई लावावी आणि क्रँकशाफ्ट हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा, म्हणजे कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. मग रॉकर काढून शाई कोठे पुसली गेली ते पाहावे. पट्टा रुंद असेल तर लांबी चुकली आहे. ती थोडी बदलून पुन्हा फिरवावे. ज्या लांबीला पट्टा सर्वांत अरुंद उमटतो, ती योग्य. तो पट्टा माथ्याच्या मध्याजवळ असावा, काठाला लागू नये. पण मध्यबिंदू गाठण्यासाठी अरुंदपणाचा बळी देऊ नये. पुशरॉड हेडच्या भोकाला घासत नाही, आणि रॉकरची खाच खुंटीला अडत नाही, हेही त्याच वेळी तपासावे.

हायड्रॉलिक टॅपेटच्या बाबतीत आणखी एक दक्षता हवी. त्यातील लहान दट्ट्या तेलाच्या दाबावर तरंगतो. मोजणीच्या वेळी तो दबला तर माप खोटे येते. म्हणून मोजणीपुरता घन टॅपेट घालावा, आणि आलेल्या लांबीत दोन टॅपेटांच्या उंचीतील फरक व दट्ट्याला द्यावयाची दाबणूक यांचा हिशेब धरावा. दाबणूक अजिबात नसेल तर टॅपेट खडखडतो. ती इतकी झाली की दट्ट्या तळाला टेकला, तर झडप पुरती मिटत नाही. बाहेर जाणाऱ्या वायूची झडप आपली उष्णता मुख्यतः आसनाला टेकूनच गमावते. न टेकणारी झडप जळून जाते.

भारतीय रस्त्यांच्या ओळखीची अँबॅसडर मोटारही पुशरॉडच्या घराण्यातली. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी जतन केलेल्या गाड्यांची एंजिने उघडली जातातच. तिच्या १४८९ घनसेंटिमीटरच्या पेट्रोल एंजिनात सर्व रॉकर एकाच शाफ्टवर, हेडवर पक्क्या केलेल्या आधारांवर बसतात. येथे झडपेकडील कोन शाफ्टच्या उंचीने ठरतो. पुशरॉडच्या लांबीने रॉकरच्या दुसऱ्या टोकावरील स्क्रू किती आत-बाहेर राहील, एवढेच ठरते. म्हणून दोन दुखण्यांना दोन वेगळी औषधे आहेत. आसने कापल्याने झडपांचे माथे वर आले असतील, तर आधारांखाली पातळ पत्रे घालून शाफ्ट उचलावा. हेड तासले असेल, तर झडपा आणि शाफ्ट दोन्ही सारखेच खाली आलेले असतात. तेथे पत्रे घातल्यास बरोबर असलेला कोन बिघडतो. स्क्रूची मर्यादा संपली असेल, तर आखूड पुशरॉडच घ्यावा.

एंजिन कोठलेही असो, नियम एकच आहे. आधी सारे तासकाम आणि घासकाम पुरे करावे, मग जोडून मोजावे, आणि पुशरॉड सर्वांत शेवटी मागवावा. शाईची बाटली आणि एक दुपार, एवढाच याचा खर्च. ती दुपार वाचविणाऱ्याला पुढे संपूर्ण हेड पुन्हा उतरवावे लागते.