भिंग घ्यावे की कॅमेरा बदलावा?

(महोत्सवी व्याख्यानमालेत कोठी, हैदराबाद येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या व्याख्यानमालेत अध्यात्म, इतिहास, आरोग्य असे विषय असतात. त्यांत कॅमेऱ्याचा विषय कोणी घुसडला, असे काही ज्येष्ठांच्या मनात आले असेल. सांगतो. आपल्या समाजातील काही मुले आज लग्नमुंजींची छायाचित्रे काढून घरखर्चाला हातभार लावीत आहेत. धंद्यासाठी मदत मागावयास आलेल्या अशा मुलांच्या अर्जांत एक वाक्य हटकून असते: ‘नवीन कॅमेरा घ्यावयाचा आहे.’ अर्जदाराजवळ कॅमेरा असतो, तो चालूही असतो. पण चित्रे मनासारखी येत नाहीत, म्हणून कर्ज काढून नवा घ्यावयाचा. हप्ते दोन-तीन वर्षे चालतात, आणि ते बहुधा आईच्या शिवणकामातून किंवा वडिलांच्या निवृत्तिवेतनातून जातात. तेव्हा ‘दोष कॅमेऱ्यात आहे की त्याच्या पुढच्या भिंगात?’ हा प्रश्न हौसेपुरता राहत नाही. तो घरच्या जमाखर्चाचा होतो.

प्रथम दोन शब्द नीट समजून घेऊ. बाजारात ज्याला ‘बॉडी’ म्हणतात ती एक अंधारी पेटी. तिच्यात पूर्वी काच किंवा फिल्म असे, आता प्रकाश टिपणारी चकती असते. ‘लेन्स’ म्हणजे भिंगांची नळी. पेटीत किती प्रकाश जाणार आणि प्रतिमा कितपत रेखीव होणार, हे भिंग ठरवते. आलेल्या प्रकाशाचे पुढे काय करावयाचे, हे पेटी ठरवते. मोबाईलमध्ये दोन्ही एकत्र असतात म्हणून हा भेद आपल्या लक्षात राहत नाही.

हा वाद नवा नाही. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली, तेव्हा माणसाचे चित्र काढणे जवळजवळ अशक्य होते. कारण समोरच्याला कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. त्या वेळचे भिंग अगदी मंद होते. आजच्या मापात सांगावयाचे तर त्याचे छिद्र एफ १५ च्या आसपास. १८४० साली व्हिएन्नातील योझेफ पेट्झवाल या गणिताच्या प्राध्यापकाने गणित मांडून सुमारे एफ ३.६ चे भिंग बांधले आणि फॉइग्टलेंडर यांनी ते बाजारात आणले. प्रकाश सोळा-सतरा पट वाढला. पुढे रसायनेही सुधारली हे खरे. पण पेटी तीच लाकडी राहिली. माणसांची चित्रे काढण्याचा धंदा जगभर उभा राहिला त्यात या भिंगाचा वाटा फार मोठा.

आपल्या मराठी मुलखातले उदाहरण याहून गोड आहे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे पडदे रंगविणारे कलावंत. चित्रपट काढण्याची त्यांना ओढ लागली. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये कोल्हापुरातच चित्रपटाचा कॅमेरा तयार केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला तो याच खटपटीतून. त्याआधी दादासाहेब फाळके १९१२ साली विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे करून लंडनला गेले होते आणि तेथून विल्यमसनचा कॅमेरा घेऊन आले होते. कर्ज काढून कॅमेरा घेणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे थोर आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु फाळक्यांजवळ आधीचा कॅमेरा पडून नव्हता! पेंटरांच्या कहाणीतून मला दिसते ते असे की, पेटी, दातेरी चक्रे, फिल्म ओढणारी यंत्रणा ही कसबी हातांनी गावातल्या कारखान्यात होऊ शकते. उत्तम भिंग घासणे ही विद्या मात्र निराळी; ती पेटीसारखी पितळ कापून साधत नाही.

हैदराबादेत असताना राजा दीनदयाळ यांचे नाव न घेऊन कसे चालेल? सरधन्याला १८४४ साली जन्मलेला हा गृहस्थ रुरकीच्या महाविद्यालयात शिकला, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागला, आणि पुढे सहावे निजाम महबूब अली पाशा यांचा दरबारी छायाचित्रकार झाला. निजामाने त्यांना ‘मुसव्विर जंग’ किताब दिला. सिकंदराबादेत त्यांचा मोठा स्टुडिओ होता. १८९२ साली पडदानशीन स्त्रियांसाठी त्यांनी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईच्या हाती सोपविला. त्यांच्या २,८५७ काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. त्या काळच्या मोठ्या कॅमेऱ्यांची घडण पाहा: लाकडी चौकट, चामड्याचा भाता, आणि पुढे एका फळीवर बसविलेले भिंग. फळी काढली की भिंग बदलले. मोल कशाला आहे हे त्या घडणीतच दिसते.

आता आपल्या घरच्या हिशेबाकडे येऊ. बहुतेक मुलांजवळ निकॉन किंवा कॅननचा साधा कॅमेरा असतो आणि त्याबरोबर आलेले १८ ते ५५ मिलिमीटरचे झूम. हे झूम दिवसा उजेडी वाईट नाही. पण ५५ च्या टोकाला ते एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. त्याच बॉडीवर ५० मिलिमीटरचे एफ १.८ चे साधे भिंग लावले तर सुमारे साडेनऊ पट प्रकाश आत येतो. विवेकवर्धिनीसारख्या सभागृहात रंगमंचावर मुलगी नाचते आहे. झूमने सेकंदाच्या पंधराव्या भागाचा वेळ लागतो, आणि तिचे हात धुरासारखे उमटतात. नव्या भिंगाने तोच प्रकाश सेकंदाच्या एकशे चाळिसाव्या भागात मिळतो. हात हातासारखे दिसतात. हाच फायदा बॉडी बदलून मिळवू म्हटले, तर साडेनऊ पट कमी प्रकाशात तितकेच स्वच्छ चित्र देणारी बॉडी लागेल. एका पिढीपुढचा कॅमेरा घेऊन एवढी मजल मारता येत नाही. आणि हे भिंग सेकंडहँड मिळाले तर बॉडीच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात पडते.

मग सर्वांनी उठून पन्नासचे भिंग घ्यावे का? नाही! आधी टेप घेऊन खोली मोजावी. ही माझी आवडती सूचना आहे, आणि मुले ती ऐकून हसतात. लहान चकतीच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरच्या भिंगात दहा मीटरवरून सुमारे पावणेपाच मीटर रुंदीचे दृश्य मावते. सभागृहात हे ठीक. परंतु सुलतान बाजार, बडी चावडीच्या जुन्या घरांत हळदीकुंकू, साखरपुडा, बारसे व्हावयाचे. खोली चार मीटरची, मागे भिंत. तेथे पन्नासच्या भिंगात जेमतेम दोन मीटर येतात. नवरा-नवरी आली तर भटजी बाहेर राहतात. तेथे ३५ मिलिमीटरचे भिंग हवे. त्यात पावणेतीन मीटर मावतात. तेव्हा ज्याची कामे घरगुती त्याने पस्तीसचे घ्यावे, ज्याची कामे सभा-नाटकांची त्याने पन्नासचे. दुसऱ्याच्या शिफारशीपेक्षा आपल्या टेपवर जास्त विश्वास ठेवावा.

आणखी एक गोष्ट. भिंग उघडे ठेवले की जे रेखीव दिसते त्याची खोली फार थोडी राहते. एफ १.८ ला तीन मीटरवर ती जेमतेम एक वीत. नवरीच्या चेहऱ्याला ती पुरते. दोन रांगांतील विश्वस्त मंडळाला पुरत नाही. मागच्या रांगेतले अस्पष्ट येतात आणि नेमके तेच देणगीदार निघतात! समूहाच्या चित्राला छिद्र एफ ५.६ किंवा ८ पर्यंत बारीक करावयाचे आणि प्रकाश दुसरीकडून आणावयाचा; म्हणजे छताकडे तोंड करून फ्लॅश. स्थिर वस्तूंसाठी तर नव्या भिंगाचीही गरज नाही. ज्या इमारतीवरून या वस्तीला कोठी हे नाव पडले, ती कर्कपॅट्रिकने बांधलेली रेसिडेन्सी आपल्या शेजारी उभी आहे. तिच्या अंधाऱ्या दिवाणखान्याचे चित्र काढावयाचे, तर परवानगी आणि तिकाटणे एवढे पुरे. छताला काही हलावयाचे नसते. कॅमेरा दहा सेकंद उघडा ठेवा.

मेगापिक्सेलचा मोह मोठा आहे. चोवीसचे पंचेचाळीस झाले की चित्र दुप्पट चांगले होणार, असे मुलांना वाटते. चोवीस मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी ६,००० ठिपके, पंचेचाळीसच्याची सुमारे ८,२५०. म्हणजे वाढ सदतीस-अडतीस टक्क्यांची. लग्नाच्या आल्बमचे बारा बाय अठरा इंचांचे पान उत्तम छापावयास साडेएकोणीस मेगापिक्सेल पुरतात. आमच्या लहानपणी कित्येक घरी बडोद्यात तयार झालेला आग्फा क्लिक थ्री असे. त्याचे भिंग अगदी साधे, पण त्याने काढलेले आजोबा अजून भिंतीवर आहेत.

इतके बोलल्यावर नव्या बॉडीची बाजू मांडणे न्यायाचे होईल. धंदा करणाऱ्याला बॉडी बदलण्याची सबळ कारणे असतात, आणि त्यांत माझ्या मते पहिले कारण दोन कार्डांचे. लग्न पुन्हा लागत नाही. एकच कार्ड असलेल्या कॅमेऱ्यात ते कार्ड बिघडले तर मंगळाष्टकांपासून वरातीपर्यंत सारे गेले. पैसे परत देऊनही तोंड दाखवावयास जागा राहत नाही. ज्या मुलाने महिन्याला चार-पाच कामे घेतली आहेत, त्याने दोन कार्डांच्या कॅमेऱ्यासाठी मदत मागितली, तर समितीने ती खुशाल द्यावी. चलच्चित्रांची कामे हे दुसरे कारण. पळत्या खेळाडूंवर नजर धरून ठेवणारा फोकस हे तिसरे. चौथे कारण विचित्र आहे: निकॉनच्या जुन्या ‘एएफ-डी’ भिंगांना स्वतःची मोटार नसते. ती डी तीन हजार आणि डी पाच हजार मालिकेच्या बॉडीवर लावली तर फोकस हाताने करावा लागतो. डी सात हजार मालिकेत मोटार बॉडीतच असते. एखाद्याच्या घरी काकांनी ठेवलेली अशी तीन-चार चांगली भिंगे असतील, तर त्याने वापरलेली डी सात हजारची बॉडीच घ्यावी. नव्या भिंगांवर खर्च करण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

उलट ज्याच्याजवळ असा कॅमेरा नाही त्याने स्वस्त मिळते म्हणून एएफ-डी उचलू नये. माझ्या परिचयाच्या एका मुलाला एका दुकानदाराने असे भिंग ‘सर्व निकॉनला चालते’ म्हणून दिले. खोटे तो बोलला नाही. चालते खरे, पण मान मोडून हाताने फिरवावे लागते. आरशाविना नव्या कॅमेऱ्यांचाही विचार करावा. कॅनन आणि निकॉन या दोघांनी २०१८ मध्ये नवे माउंट आणले. तेव्हापासून पुष्कळ हौशी लोकांनी जुनी भिंगे विकावयास काढली, हा गरजूंचा लाभ. कॅननची जुनी ईएफ भिंगे अडॅप्टर लावून नव्या बॉडीवर फोकससकट चालतात, म्हणून आज घेतलेले भिंग उद्या वाया जात नाही. बॉडीची किंमत मात्र पुढचे मॉडेल आले की ओसरते. पैसे थोडे असताना मला हा फरक निर्णायक वाटतो.

रशियन भिंगांचे वेड अलीकडे मुलांत आहे. हेलिओस ५८ मिलिमीटर एफ २ हे त्यांतले लाडके. कॅननच्या बॉडीवर साध्या कड्याने ते बसते. निकॉनवर मात्र बॉडीची खोली जास्त असल्याने दूरचे स्पष्ट होत नाही. फोकस सदैव हातानेच. हौसेला उत्तम, वरमाला पडण्याच्या क्षणाला नव्हे.

वापरलेले भिंग घेताना कोठी-आबिड्सच्या दुकानात जाऊन हातात घ्यावे, चित्रावरून घेऊ नये. मागून विजेरी मारून पुढून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसले तर ती बुरशी, आणि तो माल परत ठेवा. थोडी धूळ चालते. पाती तेलकट असतील तर नको. आपला कॅमेरा बरोबर न्या, दुकानाच्या दारात उभे राहून समोरची पाटी पूर्ण उघड्या छिद्राने टिपा आणि पडद्यावर मोठी करून अक्षरे वाचा. घरी आणल्यावर चामड्याच्या बंद डब्यात पावसाळाभर कोंडू नका. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी घालून ठेवा आणि आठवड्याला बाहेर काढून वापरा.

चहाच्या वेळी मागच्या टेबलावर पस्तीस आणि पन्नासची दोन भिंगे, एक विजेरी आणि टेप ठेवली आहे. ज्यांनी आपले कॅमेरे आणले आहेत त्यांनी दोन्ही लावून याच सभागृहात चित्रे काढून पाहावीत. ज्यांचे अर्ज समितीपुढे आहेत त्यांनी तर अवश्य यावे. अर्ज दुरुस्त करावयास अजून मुदत आहे, असे कार्यवाहांनी मला सांगितले आहे.