सकाळची वाट पाहू नका



आमच्या शेजारच्या गड्याच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पाय सुजला. तिसऱ्या रात्री त्याला हुडहुडी भरली. तो बरळू लागला. मी शिकलेला मास्तर. मी म्हणालो, "सकाळी बघू." सकाळी फार उशीर झाला होता. ती चूक माझी. म्हणून आज बोलतो.

जखमेत जंतू शिरले की शरीर त्यांच्याशी लढते. जागा लाल होते, गरम होते, सुजते. कधी ही लढाई अंगभर पेटते आणि शरीरालाच घातक होते. डॉक्टर त्याला सेप्सिस म्हणतात.

आपल्या रक्तवाहिन्या म्हणजे पाटच समजा. त्यांना आतून नाजूक अस्तर असते. या लढाईत ते अस्तर बिघडते. रक्तातले पाणी बाहेर झिरपते. वाहिन्या सैल पडतात, रक्ताचा दाब उतरतो. बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात. मग पाट फुटल्यावर शेवटचा वाफा कोरडा राहतो ना, तसे मेंदूला, मूत्रपिंडांना रक्त पुरत नाही. माणूस बरळतो. लघवी कमी होते. श्वास जोरात चालतो.

२०१७ साली जगात सुमारे १ कोटी १० लाख माणसे यात दगावली. बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळालाही हा धोका असतो.

तेव्हा जखम साबणाने, स्वच्छ पाण्याने धुवा. आणि ही लक्षणे दिसली, तर रात्र असो, पाऊस असो, मोठा दवाखाना गाठा. तिथे शिरेतून सलाईन आणि जंतू मारणारे औषध देतात. एकेक तास मोलाचा असतो.