बंदराचं कुलूप माणसाच्या हातात

आजचा विषय बंदरांची सुरक्षा. तुम्ही म्हणाल, "काहून बावा? अमरावती-अकोल्यात समुद्र कुठून आला?" बरोबर आहे. अकोल्याहून मुंबईचा किनारा जवळपास सहाशे किलोमीटर. पण आपल्या कापसाच्या गाठी परदेशी जातात त्या बंदरातूनच. आणि आपल्याकडची कितीतरी पोरं सीआयएसएफची भरती देतात, कोणी लॉजिस्टिक्समध्ये डेटा एंट्रीला लागतं, कोणी माझ्यासारखं कोड लिहितं. म्हणजे बंदराच्या फाटकावर उद्या तुम्हीच उभे असू शकता.

बंदराची सुरक्षा म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? उंच भिंत, कॅमेरे, स्कॅनर, बंदूक घेतलेला जवान. मला त्यात सर्व्हर आणि फायरवॉलही दिसतात. पण एक खातं कोणालाच दिसत नाही. ते म्हणजे एचआर. आपल्यासाठी एचआर म्हणजे ऑफर लेटर, पगारपत्रक आणि दिवाळीची रांगोळी स्पर्धा. बंदरात मात्र एचआर हा सुरक्षेचा पहिला दरवाजा आहे. कसा, ते तीन घटनांतून पाहू.

पहिली घटना आपल्या राज्यातली. फेब्रुवारी १९९३. रायगड जिल्ह्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स आणि शस्त्रं उतरली. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. पुढे खटल्यात कस्टम्स आणि पोलीस खात्यातली काही माणसंही दोषी ठरली. त्यांनी तस्करांशी संगनमत करून डोळेझाक केली होती. म्हणजे पहारा होता, चौकी होती, वर्दीही होती. फुटला तो माणूस. आता विचार करा, एकच माणूस एकाच जागी किती वर्षं ठेवायचा? त्याची बदली कधी करायची? आणि शेजारच्या टेबलावरच्या प्रामाणिक माणसाला तक्रार करायची असेल तर ती कुठे करायची, की त्याची नोकरी शाबूत राहील? हे सगळे प्रश्न मनुष्यबळाचे आहेत, बंदुकीचे नाहीत.

दुसरी घटना बेल्जियममधल्या अँटवर्प बंदराची. २०११ पासून साधारण दोन वर्षं अमली पदार्थांच्या टोळीने हॅकर लावले होते. आधी कर्मचाऱ्यांना व्हायरसवाले ईमेल पाठवले. ते पकडल्यावर फायरवॉल आली. मग टोळीने काय केलं? थेट ऑफिसात घुसून कीबोर्डचं टायपिंग चोरणारी यंत्रं बसवली. त्यातून कंटेनर सोडायचे कोड मिळवले आणि खऱ्या मालकाच्या आधी यांचा ट्रक हजर! सॉफ्टवेअरची भिंत उंच झाली की चोर माणसांच्या दारातून येतो. ऑफिसात अनोळखी माणूस दिसला तर "भाऊ, कोण तुम्ही?" एवढं विचारायची सवय लावणं, हे ट्रेनिंगचं काम आहे.

तिसरी घटना न्हावा-शेव्याची, म्हणजे आपल्या जेएनपीटीची. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा सायबर हल्ला जगभर पसरला. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्या गटाकडे असलेलं जेएनपीटीतलं टर्मिनल ठप्प झालं. कंटेनर साचू लागले. इथे कोणी लाच खाल्ली नव्हती. हल्ला युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आला होता. मर्स्कला पुढच्या दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. तोवर काम चाललं ते माणसांच्या जोरावर. स्क्रीन काळी पडल्यावर कागद-पेनावर काम करता येणारी माणसं तुमच्याकडे आहेत का? नसतील, तर ती एका दिवसात तयार होत नाहीत.

म्हणून तर १ जुलै २००४ पासून लागू झालेल्या आयएसपीएस या आंतरराष्ट्रीय नियमावलीत फक्त कुंपणाची गोष्ट नाही. प्रत्येक बंदर सुविधेला नेमलेला सुरक्षा अधिकारी लागतो, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण लागतं आणि दर तीन महिन्यांनी किमान एक सराव लागतो.

आता माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. माणूस कामावर येतो, विभाग बदलतो, नोकरी सोडतो. या तीन वळणांवर धोका असतो. आला तेव्हा चारित्र्य पडताळणी नीट झाली का? विभाग बदलला तेव्हा जुने अधिकार काढले का? सोडून गेला त्याच दिवशी त्याचा पास आणि लॉगिन बंद झालं का? लॉगिन बंद करायचं बटन आयटीकडे असतं, पण माणूस गेला हे आयटीला सांगायचं कोणी? एचआरने. तो एक ईमेल चार दिवस उशिरा गेला, तर चार दिवस दार उघडं.

आणि सगळ्यात अवघड मुद्दा ठेकेदारीचा. बंदरात ड्रायव्हर, हमाल, सफाईवाले, गार्ड यातले बरेच जण ठेकेदाराचे. पगार उशिरा, ड्युटी बारा तास, ट्रेनिंगच्या वेळी "तुम्ही बाहेरचे." ज्याला आपण आपला मानत नाही, त्याने आपल्या फाटकासाठी पाच हजाराची नोट-गड्डी का नाकारावी? तरी बहुतेक जण नाकारतात, हा त्यांचा मोठेपणा. पण व्यवस्था कोणाच्या मोठेपणावर चालवायची नसते. वेळेवर पगार आणि पुरेशी झोप हाही सुरक्षेचाच खर्च आहे.

तर उद्या तुम्ही बंदरात, गोदामात किंवा साध्या आयटी कंपनीत लागलात, तर तीन गोष्टी पक्क्या ठेवा. आपला पास आणि पासवर्ड मित्रालाही द्यायचा नाही. अनोळखी माणसाला विचारायला लाजायचं नाही. आणि काही खटकलं तर कुठे सांगायचं, हे पहिल्याच आठवड्यात एचआरला विचारून घ्यायचं. त्यांच्याकडे उत्तर नसेल, तर तिथे कुंपण कितीही उंच असो, दार उघडंच आहे असं समजा.

तुमच्या ऑफिसात नोकरी सोडलेल्या माणसाचं लॉगिन किती दिवसांनी बंद होतं? जरा विचारून पाहा. भेटू पुढच्या भागात. राम राम!