चौदा राज्यांतून जाणारी एक पायवाट

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



संघराज्य, सार्वजनिक वस्तू आणि भूसंपादन हे विषय आपण निरनिराळ्या पुस्तकांतून निरनिराळ्या प्रकरणांत वाचता. आज ते एकाच ठिकाणी, तेही एका पायवाटेवर, एकत्र आलेले दाखवावेत असा माझा प्रयत्न आहे. ही पायवाट अमेरिकेत आहे. जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर पर्वतावर ती सुरू होते आणि चौदा राज्ये ओलांडून मेन राज्यातील कटाडिन शिखरावर संपते. लांबी सुमारे ३५०० किलोमीटर असून सुमारे एक चतुर्थांश भाग एकट्या व्हर्जिनियात येतो. ॲपलेशियन ट्रेल या नावाने ती ओळखली जाते. सलग चालणाऱ्यास पाच ते सात महिने लागतात. निघालेल्यांपैकी साधारण चौघांतील एकच शेवटपर्यंत पोहोचतो.

या वाटेचा उगम एका नियोजनविषयक लेखात आहे, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. बेंटन मकाय हे वनाधिकारी आणि प्रादेशिक नियोजनाचे अभ्यासक. १९२१ मध्ये वास्तुविशारदांच्या एका नियतकालिकात त्यांनी ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्या मनात केवळ गिरिभ्रमण नव्हते. औद्योगिक शहरांतील कामगारांना विसावा मिळावा, डोंगरात सहकारी तत्त्वावर वसाहती आणि शेती उभी राहावी, रोजगार शहराबाहेर सरकावा, अशी ती योजना होती. वसाहती कधीच झाल्या नाहीत. वाट मात्र झाली. १९२५ मध्ये तिच्यासाठी एक परिषद स्थापन झाली आणि १९३७ मध्ये मेनमधील अखेरचा दुवा जोडला गेला.

वाट प्रत्यक्षात उतरवण्याचे श्रेय मायरन एव्हरी या वकिलाकडे जाते. मोजणीचे चाक ढकलत ते डोंगर पालथे घालीत. त्यांचे आणि मकाय यांचे पुढे बिनसले. शेनान्डोआच्या डोंगरमाथ्यावरून शासनाने मोटाररस्ता काढला आणि पायवाट बाजूला सरकवावी लागली. एव्हरींनी ते स्वीकारले, मकाय यांनी विरोध केला. नियोजनाच्या इतिहासात हा वाद नवा नाही आणि माझ्या मते दोघांपैकी कोणीही पूर्णतः चुकीचा नव्हता.

आता अर्थशास्त्राकडे येऊ. वाट पूर्ण झाली तेव्हा तिचा मोठा भाग खासगी जमिनीवरून जात होता आणि आधार होता तो बहुतांशी मालकाच्या तोंडी संमतीचा. जमीन विकली गेली, नव्या मालकाने नकार दिला, की वाट डांबरी रस्त्यावर ढकलली जाई. लाभ हजारो लोकांचा, खर्च मात्र एका मालकाचा. शिवाय साखळीतील एकच दुवा तुटला तरी साऱ्या साखळीचे मोल घटते. अशा स्थितीत बाजारपेठ आपोआप तोडगा काढत नाही. १९६८ मध्ये राष्ट्रीय पायवाटांचा कायदा झाला. त्याने प्रत्येक मैलामागे २५ एकर जमीन सक्तीने घेण्याची मुभा दिली. पण प्रारंभी भिस्त राज्यांवर होती आणि बहुतेक राज्यांची गती मंद राहिली. १९७८ च्या दुरुस्तीने ही मर्यादा १२५ एकर केली आणि केंद्रीय निधीची मोठी तरतूद केली. गणित करून पाहा: मैलामागे २५ एकर म्हणजे सुमारे २०० फूट रुंदीचा पट्टा, तर १२५ एकर म्हणजे सुमारे १००० फूट. पहिल्या पट्ट्यात वाट वाचते, दुसऱ्यात वाटेभोवतीचे रानही वाचते. पेनसिल्व्हेनियातील कंबरलँड खोऱ्यात स्थानिकांनी याला कडवा विरोध केला आणि वाटेची आखणी अनेक वर्षे रखडली. आज नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक वाट संरक्षित जमिनीवर आहे.

काही वर्षांपूर्वी व्हर्जिनियात मी या वाटेवर चार दिवस चाललो. झाडांवर दोन इंच रुंद, सहा इंच उंच असे पांढरे पट्टे रंगवलेले असतात, त्यांच्या आधाराने जायचे. एका चढावर दोन वृद्ध गृहस्थ वाटेवर आडवा दगड बसवीत होते, पावसाचे पाणी बाजूला वळावे म्हणून. निवृत्त झाल्यापासून ते आपल्या वाट्याच्या काही मैलांची देखभाल करीत होते. वेतन विचारले तर हसले. ही व्यवस्था अपवादात्मक नाही. १९८४ मध्ये केंद्र शासनाने वाटेसाठी घेतलेल्या जमिनींची दैनंदिन व्यवस्था त्या बिनसरकारी परिषदेकडे सोपविली आणि परिषदेने ती सुमारे तीस स्थानिक मंडळांत वाटून दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाने दक्षिणेकडील वाट शेकडो किलोमीटर मोडली, तेव्हा पडलेली झाडे हटविण्यास हेच हात पुढे आले.

या कथेची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी आपली दिशाभूल केली असे होईल. त्याच शेनान्डोआत १९३० च्या दशकात राष्ट्रीय उद्यानासाठी सुमारे पाचशे कुटुंबांना डोंगर सोडावा लागला. व्हर्जिनिया राज्याने सक्तीने जमिनी घेतल्या आणि केंद्राला दिल्या. आज पर्यटक ज्याला निर्जन अरण्य समजतो, तिथे झुडपांत घरांची जोती आणि जुन्या दफनभूमी सापडतात. मीही एका जोत्यावर बसून डबा खाल्ला. ते घर होते हे मागाहून कळले.

आपल्याकडे सहा राज्यांतून सुमारे १६०० किलोमीटर पसरलेल्या पश्चिम घाटावर अशी सलग वाट असावी, असे उत्साही गिर्यारोहक सुचवतात. दीर्घ पदयात्रा आपल्याला परक्या नाहीत. नर्मदा परिक्रमावासी कोणत्याही प्राधिकरणाविना राज्यांच्या सीमा ओलांडत आले आहेत. परंतु अमेरिकेचा आराखडा जसाच्या तसा येथे बसणार नाही. जमीन हा राज्यसूचीतील विषय आहे. वने १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आली. घाटमाथा रिकामाही नाही. धनगरांचे वाडे, महादेव कोळ्यांची आणि कातकऱ्यांची वस्ती तेथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. २०१२ मध्ये घाटातील ३९ स्थळे जागतिक वारसा यादीत गेली. त्याच सुमारास गाडगीळ आणि कस्तुरीरंगन समित्यांच्या अहवालांवर जो वाद उसळला, त्याच्या मुळाशी स्थानिकांना विचारले कोणी, हाच प्रश्न होता. २००६ च्या वनहक्क कायद्यातील कलम ३(१)(झ) आपण मुळातून वाचावे. सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ते मान्य करते. व्हर्जिनियातील त्या दोन वृद्धांचे मंडळ जे काम निवृत्तीनंतरच्या हौसेने करते, ते करण्याचा कायदेशीर अधिकार येथे ग्रामसभेकडे आधीच आहे. तेव्हा सह्याद्रीतील वाटेचा नकाशा कोणी काढायला घेतलाच, तर पहिली बैठक कोणत्या गावच्या ग्रामसभेत घ्यायची, येथून आपण आता चर्चेला सुरुवात करू.